सातशे दोनचे अकरा मेव्हणे

आमच्या सोसायटीचं नाव सांगत नाही, कारण त्यात 'सहकारी' हा शब्द आहे आणि उगाच कुणाचा गैरसमज व्हायला नको. पार्ले पूर्वेला आहे, एवढं पुरे. पूर्वी तीन मजले होते आणि लिफ्ट नव्हती, त्यामुळे कोण कुणाकडे आलंय हे जिन्यातच कळायचं. तिसऱ्या मजल्यावर जाणारा पाहुणा दुसऱ्यावर दम खायला थांबे आणि तेवढ्यात त्याची कुंडली तयार होई. मग रिडेव्हलपमेंट झालं. आता अकरा मजले आहेत, दोन लिफ्ट आहेत, आणि पाहुणा तळमजल्यावर आत शिरतो तो थेट सातव्यावर उगवतो. मधल्या मजल्यांना काही पत्ताच लागत नाही. आमच्या सगळ्या दुःखाचं मूळ ती लिफ्ट आहे असं माझं मत आहे, पण ते मिनिट्समध्ये घेतलं गेलं नाही.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. निवडणुकीला उभा राहिलो नव्हतो. त्या सभेत खुर्च्या कमी पडल्या म्हणून उभा होतो.

प्रकरण सुरू झालं ते एका रात्री अडीच वाजता. पेव्हर ब्लॉकवरून चाकांची बॅग ओढत नेली की कसा आवाज येतो हे ज्यांना माहीत नाही त्यांनी पत्र्याच्या छपरावरून नारळ गडगडताना ऐकावा. तसे दोन नारळ गेटपासून लिफ्टपर्यंत गेले आणि थोड्या वेळानं सहाशे दोनची बेल वाजली. तिथे आजी राहतात, वय 84. दाराच्या भिंगातून त्यांना पाठीवर सॅक घेतलेले दोन उंच तरुण दिसले. साखळी न काढता त्यांनी दार किलकिलं केलं. तरुणांनी 'चेक-इन'बद्दल काहीतरी विचारलं. आजींना त्यातलं 'चेक' तेवढं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "चेक सकाळी. आत्ता बँक बंद आहे," आणि दार लावलं. तरुणांना एक मजला वर जायचं होतं, सातशे दोनला.

सकाळी मी गेटवरचं रजिस्टर मागवलं. आमच्या वॉचमनना अख्खी बिल्डिंग मामा म्हणते. मामा मूळचे माणगावचे, आणि रजिस्टरमधला 'नाते' हा रकाना रिकामा सोडणं त्यांना अपशकुन वाटतं. चश्मा पुसत ते म्हणाले, "सायेब, सातशे दोनला या महिन्यात अकरा मेव्हणे आले."

"अकरा?"

"त्यातला एक जर्मन. सासऱ्याची कमाल हाय."

सातशे दोनचे मालक ठाण्याला राहतात. फोनवर ते अत्यंत सभ्य. फ्लॅट भाड्यानं दिलेला नाही, घरचीच माणसं येऊन-जाऊन असतात, म्हणाले. वर मलाच उपविधी वाचायचा सल्ला दिला. मी वाचले, आणि माणूस किती अभ्यासू आहे ते कळलं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 'कुटुंब' म्हणजे कोण हे लिहून ठेवलेलं आहे. त्यात आई-वडील, मुलगा-मुलगी तर आहेतच, पण जावई, सून, नातू, मेव्हणा आणि मेव्हणीही आहेत. सभासद स्वतः राहत नसेल आणि दुसऱ्याला जागा दिली असेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. मात्र राहणारा या व्याख्येतला असेल तर एक पैसाही लावता येत नाही. त्यातून इंग्रजीत लिहिलेली प्रत घेतली तर 'ब्रदर-इन-लॉ' या एका शब्दात मेव्हणा, साडू, दीर आणि नणंदेचा नवरा असे चौघे दाटीवाटीनं मावतात. मराठीत ज्या नात्यांवरून शंभर वर्षं मानपान आणि रुसवे-फुगवे झाले, ती इंग्रजीनं एका झटक्यात एकाच खोलीत उतरवली.

तसं ते शुल्क लागलं असतं तरी फार काही हाती आलं नसतं. 2001 सालच्या सरकारी आदेशानं ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर बांधून टाकलं आहे. आमच्या खजिनदारांनी हिशेब करून पाहिला. सातशे दोनच्या एका रात्रीचे साडेचार हजार, आणि सोसायटीला अख्ख्या महिन्याचे तीनशे चाळीस. तेही मेव्हणे नसते तर.

या धंद्याचा उगम शोधावा म्हणून मी जरा वाचन केलं. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांना घरभाडं झेपेना. शहरात डिझाइनवाल्यांचं संमेलन भरलं होतं आणि हॉटेलं भरली होती. त्यांनी हवा भरायच्या तीन गाद्या जमिनीवर टाकल्या आणि सकाळच्या नाश्त्यासकट रात्रीचे 80 डॉलर लावले. त्यातून पुढे एअरबीएनबी नावाची अवाढव्य कंपनी उभी राहिली. इथपर्यंत ठीक. पण त्या पहिल्या तीन पाहुण्यांत एक भारतीय तरुण होता, आणि आडनावानं चक्क मराठी! जगातल्या या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक आपला माणूस, हे वाचून आधी छाती फुगली, मग वाईट वाटलं. कारण कल्पनाही आपलीच होती, फक्त आपण तिला 'कॉट बेसिस' म्हणत होतो. गिरणगावात एका खोलीत कोकणातले आणि घाटावरचे वीस-वीस गिरणी कामगार पाळीपाळीनं झोपत. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. गादी थंड व्हायला सवड नाही. दापोलीपासून गणपतीपुळ्यापर्यंत घराघरावर 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशा पाट्या आहेत. सरकारचीही 'निवास व न्याहारी' योजना आहे. आपण सगळं केलं. फक्त गादीत हवा भरायचं आपल्याला सुचलं नाही.

तर, खास सर्वसाधारण सभा बोलावली. गणपूर्तीला वीस जण लागतात. ते कधीच जमत नाहीत, मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. हा नियम सगळ्यांना पाठ असल्यामुळे लोक बरोबर अर्धा तास उशिरा येतात आणि तेव्हा चाळीस जण असतात. समोसे मात्र वेळेवर येऊन गार झालेले असतात.

चेअरमन थेट बंदीच्या बाजूचे. चारशे एकमध्ये एक वकील राहतात, त्यांनी बंदीला खोडा घातला. उपविधींत नसलेला नियम नुसत्या ठरावानं लादता येत नाही, उपविधी बदलायचे तर दोन तृतीयांश मतं आणि वर निबंधकांची मंजुरी. मग ते भाडे नियंत्रण कायद्याच्या 55व्या कलमाकडे वळले. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे. "मग दोन रात्रींचाही नोंदवायला लावा," कुणीतरी मागून ओरडलं. कल्पना चांगली होती. पण आपल्याकडे भाड्याचा विचार अकरा महिन्यांपासून सुरू होतो. एजंट तारीख देणार, अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येणार, यंत्राला अंगठा तिसऱ्या वेळी उमटणार. तोवर पाहुण्याची गाडी दादर सोडून कल्याणला पोचलेली असेल.

खजिनदारांनी जगभरातले नियम छापून आणले होते. त्यांचा मुलगा जर्सी सिटीत असतो, त्यामुळे जगाच्या बाबतीत सभेत त्यांचा शब्द शेवटचा. लंडनमध्ये वर्षाला 90 रात्री, पॅरिसमध्येही आता 90, ॲमस्टरडॅममध्ये जास्तीत जास्त 30, जपानमध्ये 2018च्या कायद्यानं 180 दिवस. सिंगापुरात तर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचंच नाही. "रात्री मोजणार कोण?" असा प्रश्न आला. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा समोसा खात होते.

बार्सिलोनाचं ऐकून सभा खूश झाली. तिथल्या महापौरांनी 2024 साली जाहीर केलं की पर्यटकांना द्यायच्या घरांचे सगळेच्या सगळे 10,101 परवाने 2028च्या नोव्हेंबरपर्यंत संपवणार. घरभाडी इतकी चढली की गावातल्याच माणसांना गावात राहणं परवडेना. त्याच उन्हाळ्यात लोकांनी मोर्चा काढून हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. हा उपाय चेअरमनना फार आवडला. पण आमच्याकडे पाणी सकाळी सहा ते आठ येतं आणि उन्हाळ्यात टँकर. पाहुण्यावर उडवायचं पाणी कुठल्या शीर्षकाखाली धरायचं हे खजिनदारांना सुचेना, म्हणून तो विषय मागे पडला.

सगळ्यात कडक न्यू यॉर्क. 2023च्या सप्टेंबरपासून तिथे तीस दिवसांच्या आत घर द्यायचं तर शहराकडे नाव नोंदवायचं, घरमालकानं स्वतः त्या घरात राहायचं, पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत, आणि आतल्या खोल्यांना कुलूप लावायचं नाही, पाहुण्याला सगळ्या घरात वावरता आलं पाहिजे. खजिनदार वाचत होते आणि मला गिरगावातली आमची आत्या दिसत होती. यजमान घरात, दारं उघडी, पाहुण्याचा वावर थेट फडताळातल्या लाडवांच्या डब्यापर्यंत. एवढ्या मोठ्या शहरानं इतका खल करून, कोर्टकचेऱ्या करून, शेवटी आत्याकडची पद्धत कायदा म्हणून आणली होती. पाहुणे दोनच, हा भाग तेवढा आत्यानं कधी पाळला नाही.

एव्हाना वातावरण तापलं होतं. परकी माणसं, किल्ल्या कुणाच्याही हातात, लहान मुलं खाली खेळतात, ओला-सुका कचरा एकत्र टाकतात आणि पालिकेचा माणूस तो उचलत नाही. सगळं खरं होतं. सातशे एकमध्ये एक बाई एकट्या राहतात. रात्री समोरच्या दारातून रोज नवा चेहरा निघतो हे त्यांनी सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. पाचशे तीनचे निवृत्त प्राध्यापक संस्कृती या विषयावर दहा मिनिटं बोलले. तेवढ्यात कुणाला कोण जाणे बुद्धी झाली आणि त्यानं मोबाईलवर साडेचार हजार गुणिले तीस केलं, आणि आकडा मोठ्यानं वाचला.

हॉलमध्ये जी शांतता पसरली तशी मी आमच्या सभेत कधी अनुभवलेली नाही. पंख्याचा आवाज येऊ लागला. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापल्या घरातली ती खोली आली होती: मुलगा परदेशी गेल्यापासून रिकामी, व्यायामाचं यंत्र आणून ठेवलेली, आणि त्या यंत्रावर कपडे वाळत घातलेली. प्राध्यापक संस्कृतीच्या मधोमध थांबले ते परत बोललेच नाहीत. सभा संपल्यावर तिघं जण वेगवेगळे येऊन मला कोपऱ्यात घेऊन एकच प्रश्न विचारून गेले, "नियम लागू कधीपासून होणार?" तिघांच्याही आवाजात 'तोवर काही करता येईल का' असं होतं. तिसरे स्वतः चेअरमन.

मधल्या काळात मी सातशे दोनच्या मेव्हण्यांचा अभ्यास केला. पार्ल्यात पर्यटक कशाला येईल? इथे येतात ती पहाटेच्या विमानाची माणसं, लग्नाची वऱ्हाडं, आणि अमेरिकेच्या व्हिसाची कुटुंबं. वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे इथून जवळ. नगर, लातूर, अमरावती इकडून ही कुटुंबं आदल्या रात्री येतात आणि लिफ्टमध्ये उत्तरांची उजळणी करतात. पण त्याआधी गेटवर मामा. नाव काय, कुठून आलात, कुणाकडे, नातं काय, किती दिवस, परत कधी जाणार? एक काका दुसऱ्या दिवशी व्हिसा मंजूर झाला म्हणून पेढे द्यायला आले. वकिलातीतल्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले, म्हणाले, तयारी तुमच्या गेटवरच झाली होती.

जळगावचं एक जोडपं नऊ दिवस होतं. परळला, टाटा हॉस्पिटलात, काकांचे उपचार चालू होते. तिसऱ्या दिवसापासून सहाशे दोनच्या आजींकडून मऊभात जाऊ लागला आणि चेअरमननी आपल्या वडिलांची चाकांची खुर्ची माळ्यावरून काढून दिली. मामांनी मला विचारलं, ह्यांचं नातं काय लिहू? मी चेअरमनना विचारलं. ते चिडून म्हणाले, "काहीतरी लिहा हो, प्रत्येक गोष्ट मला काय विचारता!"

मग एका रविवारी माझ्या मुलीनं मोबाईलवर सातशे दोनची जाहिरात काढून दिली. 'पार्ल्यातलं टुमदार घरटं.' पाचपैकी 4.8 तारे. खाली राहून गेलेल्यांचे अभिप्राय होते. मी चश्मा लावून एकेक वाचला. "खोली स्वच्छ. गेटवरचे काका आपुलकीनं चौकशी करतात." "सहाव्या मजल्यावरच्या आजींनी बँकेच्या वेळा सांगितल्या, फार मदत झाली." "लिफ्टमधल्या सूचना आवर्जून वाचा, लेखकाला भाषेची जाण आहे." आणि एका बंगळुरूच्या मुलीनं लिहिलं होतं, "पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ दार उघडं ठेवून बसतात. त्यांनी आमचं आडनाव, गाव, पगार आणि लग्नाचा विचार यांची माहिती घेतली. अस्सल स्थानिक अनुभव. पाच तारे."

पहिल्या मजल्यावर दार उघडं ठेवून मी बसतो.

म्हणजे इतके महिने ज्याला मी दक्षता समजत होतो ती सातशे दोनच्या भाड्यात धरलेली सोय होती. गरम पाणी, वायफाय आणि मी. गरम पाण्याबद्दल एक तक्रार होती, माझ्याबद्दल एकही नव्हती. सूचनांच्या भाषेबद्दलचा अभिप्राय मी बायकोला दोनदा वाचून दाखवला, पण तो मुद्दा वेगळा.

शेवटी तडजोड झाली आणि नियमावली करायचं काम माझ्याकडे आलं. स्वतः लिहायला वेळ कुणाला आहे? ठाण्याच्या एका सोसायटीचा मसुदा व्हॉट्सॲपवर फिरत होता, तो उतरवून घेतला. पाहुण्यांची माहिती एक दिवस आधी, ओळखपत्राची प्रत, परदेशी असेल तर चोवीस तासांत सरकारकडे नोंद केल्याचा पुरावा, रात्री अकरानंतर बॅगा उचलून न्याव्यात, ओढू नयेत, वगैरे. टाइप करताना नवव्या नियमातली एक ओळ गळाली आणि दोन नियम एकमेकांना चिकटले. त्यामुळे तो असा झाला : 'पाहुण्यांनी लिफ्टमध्ये ओला व सुका कचरा वेगळा करावा.' नियमावली एकमतानं मंजूर झाली. सहाव्या नियमापुढे कुणी वाचलं नव्हतं.

पहिला फटका बसला तो आजींच्या धाकट्या बहिणीला. नागपूरहून न कळवता आल्या आणि ओळखपत्र मिळेपर्यंत गेटवर बाकावर वीस मिनिटं बसल्या. सातशे दोनचे मालक मात्र सगळी कागदपत्रं एक दिवस आधी, रंगीत प्रतींत पाठवतात. नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारा सोसायटीत दुसरा कुणी नाही.

डिसेंबरात बायको म्हणाली, चार दिवस कुठेतरी जाऊ. हॉटेलचे भाव पाहून तिनंच अलिबागला एक फ्लॅट शोधला. समुद्र पाच मिनिटांवर, स्वयंपाकघर आहे, 4.6 तारे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडवा गाठलं आणि तिथून पुढे. वाटेत मालकाचा मेसेज आला : 'किल्ली मीटर बॉक्सशेजारच्या डबीत. गेटवर विचारलं तर माझे मेव्हणे म्हणून सांगा, म्हणजे सोसायटीचा त्रास नाही.' मी म्हटलं, हे तत्त्वात बसत नाही. बायको म्हणाली, पैसे भरून झालेत.

बिल्डिंग नवी, पाच मजली. गेटवर सूचनांची पाटी होती. सवयीनं वाचू लागलो. एक दिवस आधी माहिती, ओळखपत्राची प्रत, अकरानंतर बॅगा उचलून... भाषा ओळखीची वाटत होती. नववा नियम : 'पाहुण्यांनी लिफ्टमध्ये ओला व सुका कचरा वेगळा करावा.'

मी भारावून उभा होतो, तेवढ्यात वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. तरुण, हसतमुख मुलगा. नाव लिहिलं, गाव लिहिलं. 'नाते' या रकान्यात, इकडेतिकडे न बघता, 'मेव्हणे' लिहिलं. त्यानं ते वाचलं आणि विचारात पडला.

"पण साहेबांना बहीण तर नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा! म्हणजे तुम्ही वहिनींचे भाऊ! साहेबांचं लग्न कधी झालं?"

मी खिशातला फोन काढून मालकाच्या मेसेजमध्ये याबद्दल काही लिहिलंय का ते शोधू लागलो.

"ठरतंय अजून," बायको मागून म्हणाली, "तुम्ही आधी लिफ्ट कुठे आहे ते सांगा."